उशिराच्या यादीत नसलेलं कारण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तयार कपड्यांच्या आंतरराष्ट्रीय पुरवठा साखळीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. जहाजं, बंदरं, साठ्याचं नियोजन, संगणकप्रणाली यांची माहिती त्यात चांगली होती. मात्र माल वेळेवर न निघण्याचं खापर लेखात सरळ कारखान्यांच्या माथी मारलं होतं. तिथे शिस्त नाही, नियोजन नाही, म्हणून उशीर होतो, असा एकूण सूर होता. मी 2001 पासून तेवीस वर्षं या धंद्यात मर्चंडायझर म्हणून काम केलं. कारखान्यांच्या चुका मी फार जवळून पाहिल्या आहेत, त्यांची वकिली करायला हे पत्र लिहीत नाही. पण उशीर कुठे सुरू होतो आणि शेवटी कुणाच्या अंगावर पडतो हे मी रोज पाहिलं आहे. ते वाचकांपर्यंत जावं असं मनापासून वाटतं.

मर्चंडायझर म्हणजे परदेशी बायर आणि कारखाना यांच्या मधला माणूस. बायरकडून टेक पॅक येतं. ती कपड्याची कुंडलीच असते. मापं, शिलाईचे प्रकार, कापडाचं जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन), बटणं, लेबलं, घडी कशी घालायची, कार्टनवर काय छापायचं, सगळं त्यात असतं. त्यावरून आम्ही टी अँड ए, म्हणजे टाइम अँड अ‍ॅक्शनचा तक्ता मांडतो. तो नेहमी उलटा मोजत जायचा असतो. माल बंदरात कधी पोचला पाहिजे ते आधी लिहायचं, मग मागे मागे यायचं. फायनल इन्स्पेक्शन, पॅकिंग, फिनिशिंग, शिलाई, कटिंग, कापड कारखान्यात येणं, रंगाई, विणाई, सूत. साध्यासुध्या ऑर्डरलाही 90 ते 120 दिवस लागतात. त्यात प्रत्यक्ष शिलाई फार थोडी. साधा टी-शर्ट मशीनवर सात-आठ मिनिटांत शिवून होतो. बाकीचे दिवस कापड तयार होण्यात, ट्रिम्स (बटणं, झिप, लेबलं) येण्यात आणि वाट बघण्यात जातात. ही वाट बहुतेक वेळा मंजुरीची असते. रंगाची मंजुरी, प्रिंटची मंजुरी, फिट सॅम्पलची, लेबलवरच्या मजकुराची, आणि सगळ्यात शेवटी पीपी सॅम्पलची, म्हणजे उत्पादनाआधीच्या अखेरच्या नमुन्याची. पीपी मंजूर झाल्याशिवाय कटिंगला हात लावता येत नाही.

एक ऑर्डर माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. निटेड पोलो टी-शर्ट, 24,000 नग, रंग नेव्ही ब्लू. कंपन्यांची नावं लिहीत नाही.

नेव्ही हा रंग या धंद्यातला सगळ्यात छळणारा. मिलची प्रयोगशाळा बायरच्या नमुन्याबरहुकूम कापडाचे छोटे तुकडे रंगवते, त्यांना लॅब डिप म्हणतात. एका कार्डावर ए, बी, सी असे तीन तुकडे चिकटवलेले असतात. एक जरा लालसर, एक जरा हिरवट, एक दोघांच्या मधला. ते लाईट बॉक्समध्ये ठेवून बघायचे. डी65 हा दिवसाच्या उजेडासारखा दिवा, टीएल84 हा दुकानातल्या उजेडासारखा. एका दिव्याखाली नमुन्याशी तंतोतंत जुळलेला तुकडा दुसऱ्या दिव्याखाली चक्क जांभळट दिसू शकतो. म्हणून दोन्हीखाली बघितल्याशिवाय कुणी होकार देत नाही, आणि ते योग्यच आहे.

आमच्या तक्त्यात लॅब डिपच्या मंजुरीला बायरकडे पाच दिवस धरले होते. पहिलं कार्ड कुरिअरने गेलं. नवव्या दिवशी उत्तर आलं की बी जवळ आहे, पण थोडा अजून निळा हवा. दुसरं कार्ड गेलं. डिझायनर बाई प्रवासात होत्या. त्या परतल्यावर त्यांना तो जास्त निळा वाटला. तिसरं कार्ड पोचलं आणि मग कळवण्यात आलं की पहिल्या कार्डावरचा बीच घ्या. पाचाचे सव्वीस दिवस झाले होते, आणि रंग तोच ठरला जो पहिल्या दिवशी त्यांच्या टेबलावर होता. मी शिपमेंटची तारीख तीन आठवडे पुढे मागितली. उत्तर एका ओळीत आलं. माल सीझनच्या लाँचसाठी आहे, तारीख बदलणार नाही.

मग ते तीन आठवडे खालून काढावे लागले. मिलने रंगाई घाईत उरकली, त्यामुळे एका लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या कापडाचा, नेव्ही दुसऱ्या लॉटशी नीट जुळेना. कारखान्याने दोन लाईनी जादा लावल्या, शिलाई रात्रीही चालली. घाईत वेगवेगळ्या लॉटचे रोल कटिंगच्या टेबलावर एकत्र आले आणि काही टी-शर्टांना अंग एका लॉटचं, बाही दुसऱ्या लॉटची लागली. फरक इतका सूक्ष्म की हातात घेऊन उजेडाकडे वळवल्याशिवाय कळत नव्हता. पण फायनल इन्स्पेक्शनला तो कळला. 24,000 नगांच्या मालातून तपासणीला 315 नग काढतात. मोठे दोष एक्यूएल 2.5 ने, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांच्या ठरलेल्या मर्यादेने, तपासले तर 14 नगांपर्यंत माल पास, 15 झाले की फेल. आमच्या मालात 19 निघाले.

फेल झालेला माल म्हणजे सगळे कार्टन पुन्हा उघडायचे. मी त्या रात्री कारखान्यात होते. फिनिशिंगच्या टेबलाशी एक बाई उभ्या होत्या. प्रत्येक टी-शर्टची बाही उचलायची, अंगावर आडवी ठेवायची, दिव्याखाली बघायचं, डावीकडे किंवा उजवीकडे टाकायचं. दर पंधरा-वीस नगांनंतर त्या डोळे मिटून घेत आणि शेजारच्या पांढऱ्या पुठ्ठ्याकडे क्षणभर बघत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, नेव्हीकडे खूप वेळ बघितलं की सगळंच नेव्ही दिसतं. पांढरं बघितलं की नजर परत येते." ही गोष्ट त्यांना कुणी शिकवली नव्हती. तीन रात्री हे काम चाललं.

एवढं करूनही जहाजाची कट-ऑफ, म्हणजे माल स्वीकारायची शेवटची वेळ, एका रात्रीने चुकली. बायरने माल विमानाने पाठवायला सांगितला, आणि विमानाचं भाडं कारखान्याच्या नावावर टाकलं. समुद्राच्या भाड्याच्या कितीतरी पट ते भाडं. त्या ऑर्डरमधला कारखान्याचा नफा गेलाच, वर पदरचे घालावे लागले. कामगारांचा त्या महिन्याचा ओव्हरटाइम पुढच्या महिन्यात मिळाला. त्या बाईंनाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती सांगते. शिपमेंट झाल्यावर मला बायरच्या प्रणालीत उशिराचं कारण भरायचं होतं. तिथे यादीतून एक पर्याय निवडावा लागे. कापड. ट्रिम्स. उत्पादन. गुणवत्ता. वाहतूक. "बायरची मंजुरी" असा पर्यायच त्या यादीत नव्हता. मी "उत्पादन" निवडलं आणि बटण दाबलं. सहा महिन्यांनी त्या कारखान्याच्या स्कोअरकार्डवर वेळेवर माल देण्याचे गुण घसरलेले दिसले आणि पुढच्या सीझनला त्यांच्या ऑर्डर कमी झाल्या. ती नोंद माझ्या हाताने झाली होती. मला आजही त्याचं वाईट वाटतं. निदान ईमेलमध्ये सव्वीस दिवसांचा हिशेब लिहायला हवा होता, तो मी लिहिला नाही.

म्हणून आपल्या लेखकाला मला विचारावंसं वाटतं की कारखान्यांमुळे उशीर होतो हे ज्या आकड्यांवरून ठरवलं जातं, ते आकडे असेच भरलेले असतात हे त्यांना कुणी सांगितलं आहे का? ज्या यादीत एक कारण लिहायची सोयच नाही, त्या यादीतून ते कारण कधीच निघणार नाही, मग कितीही महागडी प्रणाली आणा.

अशीच दुसरी गोष्ट नॉमिनेटेड सप्लायरची. बायर सांगतो की झिप याच कंपनीची, कापड याच मिलचं, लेबल याच छापखान्याचं. भाव बायरने ठरवलेला, गुणवत्ता बायरने मान्य केलेली. ते दोन आठवडे उशिरा आलं तर मात्र उशीर कारखान्याचा. कारखाना त्या मिलला ओरडू शकत नाही, कारण तिचं गिऱ्हाईक खरं तर बायर आहे. लेबलं आली नाहीत म्हणून हजारो तयार शर्ट हँगरवर लटकत राहिलेले मी पाहिले आहेत. एका शर्टात काही ग्रॅमसुद्धा न भरणारी ती पट्टी, पण तिच्यावाचून कार्टन बंद होत नाही, कारण कापडात कापूस किती, पॉलिएस्टर किती हे लेबलवर नसेल तर माल विकताच येत नाही.

बांगलादेशातल्या 2013 च्या राना प्लाझा दुर्घटनेची आठवण इथे काढणं मला गरजेचं वाटतं. 23 एप्रिलला सावरमधल्या त्या इमारतीला तडे गेलेले दिसले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र 24 एप्रिलला सकाळी कामावर उभं केलं गेलं, आणि इमारत कोसळली. 1,134 माणसं गेली. इमारत बेकायदा मजले चढवून बांधलेली होती, वर अवजड जनरेटर होते. मालकांचा गुन्हा मालकांचाच. पण बँक बंद राहू शकली आणि कारखाने का राहू शकले नाहीत, हा प्रश्न मी त्या दिवसापासून मनात घेऊन फिरते आहे. ज्याच्या कॅलेंडरमध्ये एक दिवसही शिल्लक नसतो, त्याला तडा दिसत असूनही मशीन थांबवायची हिंमत होत नाही.

त्यानंतर महिन्याभरात ब्रँड्स आणि जागतिक कामगार संघटनांमध्ये अ‍ॅकॉर्ड हा कारखान्यांच्या सुरक्षिततेचा करार झाला. तो कायद्याने बांधील होता, आणि त्याचा उपयोग झाला. हजाराहून जास्त कारखान्यांत तपासणी झाली, अग्निरोधक दारं बसली, कुलपं निघाली, खांब मजबूत झाले. त्या करारात एक कलम असंही होतं की ब्रँडने व्यापाराच्या अटी अशा ठेवाव्यात की कारखान्याला सुरक्षिततेचा खर्च परवडेल. दारं आणि खांब तपासायला इंजिनिअर आले. त्या अटी आणि तारखा तपासायला आलेलं माझ्या पाहण्यात कुणी नाही.

पैशांचं बोलायचं तर बहुतेक व्यवहार एफओबीवर होतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी कारखान्याची. पूर्वी एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) असायची, म्हणजे पैशांना बँकेची हमी असायची. मी काम सुरू केलं त्यानंतर बघता बघता एलसी कमी होत गेल्या आणि ओपन अकाउंट आलं. माल गेल्यावर साठ, नव्वद, कधी एकशेवीस दिवसांनी पैसे. कापडाचे, ट्रिम्सचे आणि पगाराचे पैसे कारखान्याने आधीच घातलेले असतात. थोडक्यात, श्रीमंत गिऱ्हाईकाला गरीब शिवणारा उधार देतो. मार्च 2020 मध्ये दुकानं बंद झाली तेव्हा या उधारीचं खरं रूप दिसलं. कापून झालेल्या, शिवून झालेल्या, कार्टनमध्ये भरलेल्या ऑर्डर एका ईमेलने रद्द झाल्या. एकट्या बांगलादेशात रद्द झालेल्या किंवा थांबवलेल्या ऑर्डरची रक्कम तिथल्या निर्यातदारांच्या संघटनेने 3 अब्ज डॉलरहून जास्त सांगितली होती. काही ब्रँड्सनी नंतर पैसे दिले, त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. पण देणं न देणं हे त्यांच्या मनावर होतं.

यावर एक वाट आधीच मळलेली आहे. युरोपीय संघाने 2019 मध्ये शेतमाल आणि अन्नपदार्थांच्या व्यापारातल्या अन्यायकारक पद्धतींवर निर्देश काढला. नाशवंत मालाची ऑर्डर 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीत रद्द करता येत नाही, आणि त्याचे पैसे 30 दिवसांत द्यावे लागतात. ब्रिटनने तर 2013 मध्ये कायदा करून सुपरमार्केट आणि त्यांचे पुरवठादार यांच्यासाठी स्वतंत्र लवाद नेमला. कपड्यांसाठीही असा लवाद हवा, ही मागणी तिथल्या संसदेत झालेली आहे. मला ती पूर्णपणे पटते. फॅशनचा कपडा भाजीइतकाच नाशवंत असतो. दुसऱ्याचं लेबल लावलेला, त्या सीझनच्या रंगाचा, त्या ब्रँडच्या मापाचा माल रद्द झाला तर तो कुणाला विकायचा? लेबल कापून, गठ्ठ्याच्या भावाने. मग टोमॅटो पिकवणाऱ्याला जे संरक्षण आहे ते टी-शर्ट शिवणाऱ्याला का नसावं?

बायरच्या बाजूचंही मला कळतं. मी त्यांच्याशी दिवसरात्र बोललेली आहे, त्यातले कितीतरी जण माणूस म्हणून फार चांगले होते. निर्णय जितका उशिरा, तितका अंदाज बरोबर आणि विकला न जाणारा माल कमी, हे गणित खरं आहे. पण उशिरा ठरवायचं असेल तर साखळी तशी बांधावी लागते. बेनेटन ही कंपनी रंग न दिलेल्या सुताचे स्वेटर आधी विणून ठेवत असे आणि कुठला रंग चालतोय ते दिसल्यावर तयार स्वेटरच रंगवत असे. झारावाले इंडिटेक्स बराचसा माल स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान अशा जवळच्या ठिकाणी करून घेतात आणि काही कापड रंगाविना तयार ठेवतात. त्यांनी लवचिकतेची किंमत स्वतः मोजली. आमच्याकडे चालायचं ते वेगळं होतं. निर्णय उशिरा, कापड आगाऊ नाही, कारखाना हजारो मैल दूर, आणि तारीख पत्थर की लकीर. ती लवचिकता मग रात्रीच्या पाळीतून काढली जायची.

कारखान्यांचेही दोष लिहिते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. न सांगता दुसऱ्या शेडमध्ये काम देणं, ओव्हरटाइमच्या दोन वह्या ठेवणं, ऑडिटच्या दिवशी वेगळी वही काढणं, हे मी स्वतः पकडलं आहे आणि त्यावरून भांडलेही आहे. ते अक्षम्य आहे. पण दोन वह्या ज्या कारखान्यांत सापडल्या, तिथले टी अँड ए मी नंतर काढून बघितले, तेव्हा बहुतेक ठिकाणी मंजुऱ्या उशिरा आल्या होत्या आणि शेवटची तारीख मात्र हलली नव्हती. वही लपवणाऱ्याला शिक्षा करा, जरूर करा. फक्त त्याच वेळी तो तक्ताही मागवा.

गेल्या काही वर्षांत दिवसांची ही ओढाताण वाढलीच. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. युरोपच्या प्रवासात दहा ते चौदा दिवस वाढले. आमच्याकडे काय झालं? दुकानात माल पोचायची तारीख तीच राहिली आणि कारखान्यातून निघायची तारीख दोन आठवडे अलीकडे आली. डिझाईनच्या मंजुरीची तारीख अलीकडे आली नाही. अमेरिकेत जून 2022 पासून चीनमधल्या शिनजियांगच्या कापसाबद्दल कडक कायदा लागू आहे, आणि सक्तीच्या मजुरीविरुद्ध असा कायदा हवाच होता. पण कापूस कुठल्या जिनिंगमधून आला इथपर्यंतचे कागद गोळा करायचं काम कारखान्याच्या एका कारकुनावर येऊन पडतं, सूत गिरणी बायरने नॉमिनेट केलेली असली तरी. त्या कागदांसाठी टी अँड एमध्ये किती दिवस धरलेले असतात? मी काम सोडेपर्यंत एकही नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. परचेस ऑर्डरवर कारखान्याची शेवटची तारीख जशी छापलेली असते, तशा बायरच्या तारखाही छापा. लॅब डिपचं उत्तर या तारखेपर्यंत, पीपीचं उत्तर या तारखेपर्यंत, आणि उत्तर जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस शिपमेंट आपोआप पुढे. परवानगी मागायची गरज नको. मर्चंडायझरला एकट्याने ही भीक मागायला लावू नका, कारण तिची नोकरी त्याच बायरवर चालते. कराराच्या भाषेची अडचण नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या एका कार्यगटाने 2021 मध्ये नमुना कलमं तयार केली आहेत आणि त्यात खरेदीदाराच्या जबाबदाऱ्याही लिहिल्या आहेत. उशिराच्या कारणांच्या यादीत एक ओळ वाढवायला तर वकीलही लागत नाही.

आपल्या दैनिकाने या विषयावर पुन्हा लिहावं अशी विनंती आहे. लिहाल तेव्हा ब्रँडच्या प्रवक्त्याला किती ऑडिट केली हे विचाराच, पण गेल्या सीझनच्या दहा ऑर्डरींचे मंजुरीचे दिवसही मागा. ठरलेले किती, लागलेले किती. माझ्या जुन्या वह्यांत मी हे आकडे हाताने उतरवून ठेवायचे, ती सवय त्या नेव्हीच्या ऑर्डरनंतर लागली. त्यात कुणाचंही नाव नाही, फक्त तारखा आहेत. आपल्या प्रतिनिधीला बघायच्या असतील तर मी त्या घेऊन बसायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त मर्चंडायझर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)